सामानाजवळ बसलेल्यांचा वाटा

पत्र

ताई, सलाम.

मी जालना जिल्ह्यातल्या एका लहान ख्रिस्ती मंडळीची सेक्रेटरी आहे. आमची साठेक घरं. त्यातली सहा घरं फौजेशी जोडलेली. चार जण निवृत्त, एक पोरगा सध्या जम्मूकडे आणि एका घरातला माणूस आता नाही. १४ जानेवारीला माजी सैनिक दिन असतो, म्हणून त्याच्या जवळच्या रविवारी उपासना झाली की सगळ्यांचा सत्कार करायचा असं कमिटीत ठरलं. शाल, श्रीफळ, ट्रॉफी, गेटवर फ्लेक्स, पाहुणे म्हणून आमदारसाहेब. अठरा हजार मंजूर झाले आणि तिथूनच भांडणं लागली.

आमचे एक ज्येष्ठ सभासद म्हणतात, वेदीसमोर बंदुकीचा गौरव नको, येशू शांतीचा राजा आहे. १९७१ च्या लढाईत असलेले आमचे हवालदार आजोबा म्हणतात, ‘माझं नाव घेतलं तर मी त्या दिवशी चर्चला येणार नाही.’ तिसरी गोष्ट मला झोपू देत नाही. आमच्यातला एक जवान रजेवर आलेला असताना अंबड रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला. मागं बायको, चौतिशीची, आणि दोन लेकरं. मी तिचं नाव यादीत घातलं, तर कमिटीतले एक भाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, ‘तो काय लढाईत गेला का? शहीद नाही, मग स्टेजवर कशाला?’ ते तिच्या कानावर गेलं. तेव्हापासून ती महिला संघाला येत नाही.

तिला बोलवावं का? आजोबांना कसं मनवावं? की कार्यक्रमच रद्द करावा?

तुमची एक बहीण

उत्तर

प्रिय बहिणी, सलाम.

तिसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करते, कारण बाकीच्या दोन त्याच्यापुढं हलक्या आहेत. तिला बोलवायचं. पण त्याआधी ज्या भाऊंनी ते वाक्य काढलं त्यांनी तिच्या घरी जायचं. तुम्ही त्यांच्या वतीनं जाऊ नका, पाळकसाहेबांनाही मध्ये घालू नका. बोललं ते सगळ्यांसमोर, म्हणून कमिटीच्या पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर ते मागंही घ्यायचं आणि मिनिट्समध्ये तशी नोंद करायची. भाऊ तयार नसतील तर सत्कार पुढं ढकला. एका घराला दुखवून पाच घरांना शाली घालायच्या, त्याला काही अर्थ नाही.

आता त्या वाक्याचं उत्तर. ते तुम्हाला कमिटीत द्यावं लागेल, म्हणून जरा सविस्तर सांगते. बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला तिसावा अध्याय काढा. दावीद आणि त्याची सहाशे माणसं सिकलागला परततात, तर गाव जळून गेलेलं. अमालेक्यांनी बायका-पोरं धरून नेलेली. माणसं रडून रडून थकली, काही तर दावीदालाच दगडमार करायला निघाली. मग पाठलाग सुरू झाला. बसोर ओढ्याशी पोहोचेपर्यंत दोनशे जणांचा दम संपला. ते तिथंच सामान राखत बसले आणि चारशे पुढं गेले. लढाई जिंकली, सगळं परत मिळालं, लूटही मिळाली. परतताना त्या चारशेंपैकी काही जण काय म्हणाले? हे आपल्याबरोबर आले नाहीत, यांना लुटीतलं काही द्यायचं नाही, आपापल्या बायका-पोरं घ्या आणि निघा. तुमच्या कमिटीतलं वाक्य साधारण तेच आहे. शास्त्रलेखानं ते बोलणाऱ्यांना दुष्ट आणि अधम म्हटलंय. तुम्ही भाऊंना तसं म्हणू नका, अध्याय फक्त मोठ्यानं वाचा.

दावीदानं उत्तर दिलं की लढाईत उतरणाऱ्याचा जेवढा वाटा, तेवढाच सामानाजवळ राहणाऱ्याचा, दोघांना सारखंच मिळेल. आणि त्या दिवसापासून त्यानं तो इस्राएलात विधी आणि नियम करून ठेवला. मला यातली शेवटची ओळ महत्त्वाची वाटते. त्या दिवशी दावीदाच्या मनात दया आली, वाटून टाकलं, इथवर गोष्ट थांबत नाही. कायदा झाला. पुढच्या वेळी कुणाच्या मनात दया असो नसो, वाटा मिळणारच.

ते दोनशे जण सैनिकच होते, घरची माणसं नव्हेत, हे मला माहीत आहे. म्हणून आधी तिच्या नवऱ्याबद्दल बोलू. रजेवर आलेला जवान नोकरीतच असतो. त्याला कुठल्याही क्षणी परत बोलावता येतं, आणि लढाई सुरू झाली की पहिल्यांदा रजाच रद्द होतात. वर्षानुवर्षं थंडीत चौकीवर उभा राहिलेला माणूस शेवटी गावच्या रस्त्यावर गेला, म्हणून ती वर्षं पुसली जात नाहीत. लढाईत गेलेल्याची आणि सेवेत असताना इतर कारणानं गेलेल्याची पेन्शन सरकार वेगवेगळ्या नियमानं ठरवतं. ते सरकारचं काम, त्याला ते करू द्या. मंडळीकडं असली वर्गवारी नाही. आपण दफनभूमीत कुणाला कशानं मरण आलं ते बघून जागा देत नाही.

आणि मग ती स्वतः. तो बाहेर होता तेव्हा सासूचं आजारपण, पोरांची शाळा, दुष्काळातलं पाणी, बँकेचा हप्ता हे सगळं कुणी राखलं? सामानाजवळ तीच बसलेली होती ना? दावीदाचा नियम तिच्यापर्यंत ओढून आणायला मला काही अडचण वाटत नाही. जम्मूकडं असलेल्या त्या पोराची आईही त्याच ओढ्याकाठी बसलीय. तिचं नाव तुमच्या यादीत आहे का? पत्रात तरी दिसलं नाही.

मात्र तिला स्टेजवर यायचंय का, हे तिलाच विचारा. विचारायला दोघी बायका जा, दुपारच्या वेळी, हातात कागद-पेन न घेता. कदाचित ती नको म्हणेल. कदाचित म्हणेल, मला शाल नको, त्याचं नाव एकदा चर्चमध्ये घ्या. माणूस गेल्यावर पहिल्या वर्षी सगळे त्याचं नाव घेतात, मग तिला वाईट वाटेल म्हणून हळूहळू टाळायला लागतात. माझ्या पाहण्यातल्या बायकांना ते टाळणंच जास्त लागतं.

आता आजोबा. त्यांना मनवू नका.

एवढं लिहून पुढं जाणार होते, पण तुम्ही सेक्रेटरी आहात, कारण विचाराल. कारण मला माहीत नाही आणि तुम्हालाही कळायची गरज नाही. दावीदाचीच दुसरी एक गोष्ट सांगते, दुसऱ्या शमुवेलातल्या तेविसाव्या अध्यायातली. दावीद गडावर होता, बेथलेहेमात पलिष्ट्यांचं ठाणं होतं. तो सहज बोलून गेला, बेथलेहेमच्या वेशीजवळच्या विहिरीचं पाणी कुणी आणून देईल का? तिघं वीर पलिष्ट्यांची छावणी फोडून ते पाणी घेऊन आले. दावीदानं ते प्यायलं नाही, परमेश्वरापुढं ओतून टाकलं. जिवावर उदार होऊन गेलेल्या माणसांचं हे रक्त, मी कसं पिऊ, असं तो म्हणाला. कौतुक करून घेताना काही जुन्या सैनिकांचं असंच होत असावं. ज्यांच्याबरोबर गेलो त्यातले काही परत आले नाहीत, आणि त्यांच्या वाटणीच्या टाळ्या मी घ्यायच्या? आजोबांच्या मनात हेच आहे असं मी म्हणत नाही. पण जो माणूस एवढं स्पष्ट सांगतो, त्याला ‘तुम्ही आमची शान आहात’ म्हणत हात धरून स्टेजवर ओढणं हा अपमान आहे, मग वर कितीही भारी शाल टाका.

त्यांच्याकडे जाऊन बसा. गप्पा पावसाच्या, सोयाबीनच्या भावाच्या चालू द्या. ते लढाईचं बोलले तर ऐका, नाही बोलले तर चहा पिऊन या. ‘किती मारले हो आजोबा?’ हा प्रश्न तरुण संघातलं एखादं पोरगं विचारतंच. त्याला आधीच दटावून ठेवा. आणि त्यांना रात्री झोप लागत नसेल, दचकून उठत असतील, किंवा घरात अचानक चिडचिड वाढली असेल, तर ते वयाचं खूळ समजून सोडून देऊ नका. प्रार्थना कराच, पण सरकारची टेलिमानस नावाची हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. निवृत्त सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना २००३ पासून चालू आहे. त्यांचं कार्ड चालू आहे का, तेही चहा पिताना विचारून घ्या.

ज्येष्ठ सभासदांचा आक्षेप मला तुमच्यापेक्षा जास्त पटतो, हे आधीच सांगते. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडं शिपाई आले आणि आम्ही काय करावं म्हणून विचारू लागले, तेव्हा त्यानं नोकरी सोडा असं सांगितलं नाही. लोकांना लुबाडू नका, खोटे आरोप करू नका, पगारात समाधान माना, असं सांगितलं. कफर्णहूमच्या शताधिपतीच्या विश्वासाचं येशूनं कौतुक केलं, त्याच्या शंभर शिपायांचं नाही. कर्नेल्य शताधिपती होता आणि पवित्र आत्मा त्याच्या घरावर उतरला. म्हणजे सैनिक माणूस म्हणून मंडळीत पहिल्यापासून आहे. पण त्याच शास्त्रात वैऱ्यांवर प्रीती करा हेही आहे, आणि दावीदासारख्या दावीदाला, तू पुष्कळ रक्त सांडलंस, माझं मंदिर तू बांधायचं नाहीस, असंही सांगितलेलं आहे. दोन्ही बाजू धरून चालणं अवघड आहे, तरी धराव्या लागतात.

आपल्या भागात तर जास्तच. जालन्याची मंडळी पलटणीच्या शेजारात वाढली. मिशनरी नारायण शेषाद्रींनी जवळच बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली तेव्हा इथं ब्रिटिशांची छावणी होती. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा आल्या, निजामाची राजवट गेली, आणि आपण १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. पण म्हाताऱ्या माणसांना त्या कारवाईचं ‘पोलीस ॲक्शन’ हे नाव ऐकून काय काय आठवतं, ते वस्तीवस्तीप्रमाणे वेगळं आहे. आणि ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा दगडमातीखालून माणसं काढायला जवान उतरले होते. लातूर-धाराशिवकडच्या कुणालाही विचारा, वर्दी म्हटल्यावर त्यांना आधी ते आठवेल. एका वर्दीच्या इतक्या आठवणी असताना सगळ्यांसाठी एकच जोरकस भाषण ठोकणं बरं नव्हे.

म्हणून माझं म्हणणं असं, की त्या रविवारची मध्यस्थीची प्रार्थना या ज्येष्ठ सभासदांनाच करायला सांगा. आपल्या जवानांसाठी, त्यांच्या घरांसाठी, आणि सीमेपलीकडच्या विधवांसाठीही. त्यांना ते जमेल आणि त्यांचा आक्षेप बाहेर न राहता उपासनेच्या आत येईल. नावं प्रार्थनेतच घ्या, ज्यांनी परवानगी दिली त्यांचीच, नवरा-बायको दोघांची. मग मिनिटभर शांत राहा. चर्चमध्ये घोषणा नकोत. राष्ट्रगीत म्हणायचं तर बाहेर झेंड्यापाशी, २६ जानेवारीला, जसं शाळेत म्हणतो तसं.

आमदारसाहेबांना बोलवू नका. ते वाईट आहेत म्हणून नाही. ते दीड तास उशिरा येतील, त्यांच्याबरोबर वीस माणसं येतील, आणि सैनिकांच्या आधी त्यांनाच शाल घालावी लागेल. फ्लेक्सवर मोठा फोटो कुणाचा असतो ते तुम्ही पाहिलेलं आहे. श्रीफळावरून तुमच्याकडं वाद झाला नाही याचं मात्र नवल वाटलं. काही मंडळ्यांत नारळ चालतो की नाही यावर तासभर कमिटी बसते!

इथंच एक नाजूक गोष्ट बोलून टाकते. आपल्यातल्या काही जणांना असा सत्कार गावाला दाखवायला हवा असतो. बघा, आम्ही ख्रिस्ती पण देशासाठी उभे आहोत, पेपरात फोटो येऊ द्या. ही गरज कुठून येते ते मला कळतं आणि त्याबद्दल मी कुणाला हसत नाही. पण त्यासाठी हवालदार आजोबांना वापरू नका. त्यांनी केली ती नोकरी आपल्या निष्ठेचं सर्टिफिकेट म्हणून भिंतीवर टांगायला केलेली नव्हती.

शालीवरून मार्टिन आठवले. चौथ्या शतकातले रोमन सैन्यातले शिपाई, पुढं बिशप झाले. फ्रान्समधल्या आमिएँ शहराच्या वेशीवर थंडीनं कुडकुडणारा भिकारी दिसला, तर त्यांनी अंगावरचा झगा तलवारीनं कापला आणि अर्धा त्याला दिला, अशी कथा आहे. त्यांचा सण ११ नोव्हेंबरला येतो, आणि १९१८ साली पहिलं महायुद्ध थांबलं तेही त्याच तारखेला. तिथं सैनिकानं आपलं अंगावरचं दिलं. इथं आपण दुकानातली शाल त्याच्या खांद्यावर टाकतो, फोटो काढतो आणि त्याला खाली बसवतो.

तर त्या अठरा हजारांचं काय करायचं? पौलानं रोमकरांना लिहिताना सन्मान हा कर आणि जकात यांच्याच ओळीत बसवलाय. ज्याचं जे देणं ते द्या. म्हणजे मंडळीवर ते ऋण आहे, आणि ऋण फेडायचं तर समोरच्याला काय हवंय ते बघावं लागतं. सैनिकांच्या घरांना बहुतेक वेळा काय हवं असतं ते मी सांगते: कागद.

त्या बहिणीचंच उदाहरण घ्या. कुटुंब निवृत्तिवेतन तिला मिळत असेल तर चांगलं. पण नवऱ्याच्या सेवापुस्तकात लग्नाची आणि दोन्ही मुलांची नोंद, ज्याला फौजेत पार्ट टू ऑर्डर म्हणतात, ती झालेली आहे का? आपल्या लोकांत नावांचा घोळ फार. रेकॉर्ड ऑफिसात ‘याकूब’, आधारला ‘जेकब’, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर ‘याकोब’. बायकोचं माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर. संरक्षण खात्याची पेन्शन आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन व्यवस्थेतून येते, आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला दिला नाही की ती अडकते. ज्या आजोबांनी आयुष्यभर आदेशावर सही केली, त्यांच्या बोटांचे ठसे आता मशीनवर उमटत नाहीत. तरुण संघातल्या दोन पोरांना हे काम द्या. मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो, आणि पोरांना रील बनवायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा कमी वेळात होतो. ओटीपी मात्र पोरांनी आजोबांसमोरच टाकायचा, पासवर्ड लिहून न्यायचा नाही. माजी सैनिकांना फसवणारे फोन भरपूर येतात.

लग्नाचा पुरावा तर मंडळीच्याच कपाटात आहे. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे आपल्याकडच्या लग्नांची रजिस्टरात नोंद होते आणि तिची प्रमाणित नक्कल देता येते. अशा नकलेसाठी विधवेला चार-चार रविवार चकरा मारायला लागल्याचं मी ऐकलंय. पाळकसाहेब दौऱ्यावर, किल्ली सेक्रेटरीकडं, सेक्रेटरी लग्नाला. सेक्रेटरी आता तुम्हीच आहात. मंडळीतल्या सहाही घरांच्या लग्नाच्या आणि बाप्तिस्म्याच्या नकला मागितल्याशिवाय काढून, पाकिटात घालून त्यांच्या हातात द्या. ट्रॉफीपेक्षा ते पाकीट त्या घरांच्या जास्त उपयोगाचं आहे.

मग सहाही घरांतल्या ज्यांना यायचं त्यांना घेऊन जालन्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. अशी कार्यालयं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, आणि पुष्कळ माजी सैनिक तिथं वर्षानुवर्षं पाऊल टाकत नाहीत. मुलांच्या शिक्षणाची मदत, सैनिकांच्या मुलामुलींची वसतिगृहं, व्यावसायिक शिक्षणासाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती, माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टीतली माफी, यातलं कुणाला काय लागू होतं ते तिथं नीट विचारा. अटी हुद्द्याप्रमाणे आणि प्रकरणाप्रमाणे बदलतात, म्हणून ऐकीव माहितीवर फॉर्म भरू नका. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, आधार, बँक पासबुक यांच्या दोन-दोन झेरॉक्स ठेवा. गाडीभाडं, झेरॉक्स आणि दुपारचं जेवण मंडळीकडून. अठरा हजारांत हे सगळं होऊन पैसे उरतील. उरलेल्यातले थोडे ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन निधीला द्या, तोही याच कार्यालयात भरता येतो.

एक घर तुमच्या यादीत अजून यायचंय. पहाटे रस्त्यावर भरतीसाठी पळणारी पोरं तुमच्या मंडळीतही असतील. २०२२ पासून जवानांची भरती अग्निपथ योजनेतून, अग्निवीर म्हणून होते. चार वर्षं नोकरी, त्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलांना पुढं कायम ठेवायचं, बाकीचे सेवानिधीचे साधारण पावणेबारा लाख घेऊन परत. पेन्शन नाही. बावीस-पंचविशीचा पोरगा शिस्त शिकून गावात येईल, आणि गाव त्याला विचारेल, काढलं का रे तुला? तो प्रश्न निदान चर्चच्या दारात तरी कुणी विचारू नये, हे कमिटीत आत्ताच बोलून ठेवा. आल्यावर त्याला संडे स्कूलच्या मुलांचे खेळ घ्यायला बोलवा आणि पैसे कुठं गुंतवावेत याबद्दल मंडळीतल्या एखाद्या बँकवाल्याशी गाठ घालून द्या. नाहीतर वर्षभरात त्या रकमेची चारचाकी होते.

कार्यक्रम रद्द करू नका. उपासना, प्रार्थनेत नावं, मग सगळ्यांबरोबर पंगतीत जेवण. सैनिकांची वेगळी टेबलं मांडू नका. ज्यांना शाल हवी असेल त्यांना द्या. आमचे एक सुभेदार अशा शाली जपून ठेवतात आणि त्यांना खरोखर आनंद होतो, त्यात काही वाईट नाही. आजोबा नाही आले तर डबा पाठवा, सोबत निरोप-बिरोप काही नको.

रजिस्टरच्या नकलांचं पाळकसाहेबांना याच आठवड्यात सांगा. डिसेंबर लागला की कॅरोल आणि नाताळच्या गडबडीत ते कुणाच्या हाताला लागत नाहीत.

तुमची ताई